कोर्टाची पायरी आणि आमची मुले

मागच्या पंधरवड्यात एका विहारात रविवारची वंदना आटोपल्यावर मुलांच्या अभ्यासाची विचारपूस चालली होती. परीक्षा जवळ आलेल्या. कोणी गणित सांगितले, कोणी रसायनशास्त्र. अकरावीत शिकणारी एक मुलगी उठून म्हणाली की, तिने केंद्रीय माध्यमिक शिक्षण मंडळाचा 'लीगल स्टडीज' हा ऐच्छिक विषय घेतला आहे आणि सध्या ती फौजदारी न्यायाच्या प्रकरणाची तयारी करीत आहे. यावर पुढच्या रांगेत बसलेले एक वयोवृद्ध गृहस्थ म्हणाले, "बाळे, शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये. ठाणे-कचेरीचा अभ्यास करून आपल्या माणसाला काय मिळायचे? नर्स हो, बँकेत लाग." चार-पाच माना डोलल्या. मुलगी पुस्तक मिटून खाली बसली. आम्ही तेथे हजर होतो आणि आम्हीही त्या वेळी गप्प राहिलो. त्या गप्प राहण्याचे परिमार्जन म्हणून हा लेख लिहावा लागत आहे.

शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये, ही म्हण महाराष्ट्रात इतकी रुळलेली आहे की, ती कोणाच्या शहाणपणातून निघाली याचा विचार कोणी करीत नाही. गावात शहाणा कोण होता? पाटील, कुलकर्णी, देशमुख, सावकार. त्याचा तंटा त्याच्याच चावडीवर, त्याच्याच नात्यागोत्याच्या पंचांसमोर तुटत असे. त्याला कोर्टाची पायरी चढण्याचे कारणच काय? परंतु त्याच चावडीच्या पायरीखाली, उन्हात, हात जोडून उभा राहणारा आमचा आजोबा जेव्हा ही म्हण बोलू लागला, तेव्हा तो दुसऱ्याचे शहाणपण उसने घेऊन स्वतःच्या गळ्यात बांधीत होता. चावडीवर त्याला उभे राहण्यास जागा नव्हती. कोर्टात निदान पिंजऱ्यात तरी होती आणि त्या पिंजऱ्यात पाटलालाही त्याच पातळीवर उभे राहावे लागे. ज्याला गावाने एकही पायरी चढू दिली नाही, त्यानेच कोर्टाच्या पायरीला भ्यावे हा केवढा दैवदुर्विलास!

बरे, ज्यांची ही म्हण, ते तरी ती पाळतात काय? महाडचा इतिहास घराघरांत सांगितला जातो, पण त्याचा कोर्टातला भाग सांगितला जात नाही. २० मार्च १९२७ रोजी परमपूज्य बाबासाहेबांनी चवदार तळ्याचे पाणी प्राशन केले आणि परतणाऱ्या आपल्या लोकांवर हल्ला झाला. या हल्ल्याचा फौजदारी खटला चालला आणि जून १९२७ मध्ये पाच आरोपींना चार-चार महिन्यांची सक्तमजुरी झाली. म्हणजे आमची माणसे कोर्टाची पायरी चढली आणि मारणाऱ्यांना तुरुंगाची पायरी चढावी लागली. पुढे डिसेंबरात दुसरा सत्याग्रह ठरला, तेव्हा महाडचे 'शहाणे' काय करते झाले? १२ डिसेंबर १९२७ रोजी तेच दिवाणी कोर्टात धावले आणि तळे खाजगी असल्याचे सांगून त्यांनी बाबासाहेबांविरुद्ध तात्पुरता मनाई हुकूम मिळविला. तेव्हा त्यांना आपल्या म्हणीची आठवण झाली नाही. तो दावा जवळजवळ दहा वर्षे चालला आणि १७ मार्च १९३७ रोजी मुंबई उच्च न्यायालयात निकाल आपल्या बाजूने लागला. बाबासाहेब दहा वर्षांत एकदाही म्हणाले नाहीत की, ही पायरी नको. त्यापूर्वी, १९२६ साली, 'देशाचे दुश्मन' या पुस्तकावरून बागडे, जेधे व जवळकर या ब्राह्मणेतर पुढाऱ्यांवर पुण्यात अब्रुनुकसानीचा खटला झाला, तेव्हा त्यांचा बचाव करून त्यांना सोडवून आणणारा बॅरिस्टर कोण होता, हे आमच्या मुलांनी शोधून वाचावे.

येथे कोणी म्हणेल, बाबासाहेब बॅरिस्टर होते, आमच्या पोरीला तर केवळ ऐंशी गुणांची प्रश्नपत्रिका सोडवायची आहे. नेमके याच समजुतीविरुद्ध आमचे भांडण आहे. ही मुलगी जे चार-पाच धडे पाठ करीत आहे, ते इतरांच्या घरी गुणांसाठी असतील. आमच्या घरी ते उंबऱ्यापाशी येऊन उभे राहिलेले प्रश्न आहेत. २०२२ या एका वर्षात देशात अनुसूचित जातींच्या माणसांविरुद्धच्या ५७,५८२ गुन्ह्यांची नोंद झाली, असे राष्ट्रीय गुन्हे अभिलेख विभागाने छापले आहे. ही फक्त नोंद झालेल्या गुन्ह्यांची संख्या. जे ठाण्याच्या दारातून परत पाठविले गेले ते या संख्येत नाहीत.

'कायद्यापुढे समानता' हाच प्रश्न घ्या. गाईडमध्ये त्याचे उत्तर तीन ओळींचे असते: अनुच्छेद १४, सर्वांना समान संरक्षण, संपले. आमच्या मुलाने हे उत्तर मनुस्मृतीच्या आठव्या अध्यायापासून सुरू करावे. ब्राह्मणाला शिवी दिल्यास क्षत्रियाला शंभर पण दंड, वैश्याला दीडशे किंवा दोनशे आणि शूद्राला शारीरिक शिक्षा. उलट ब्राह्मणाने क्षत्रियाला शिवी दिली तर पन्नास, वैश्याला दिली तर पंचवीस आणि शूद्राला दिली तर अवघे बारा पण. गुन्हा एकच, शिक्षेचा दर मात्र जातीनुसार. मृत्युदंडाच्या जागी ब्राह्मणाला मुंडनाची सवलत. हे पुस्तक २५ डिसेंबर १९२७ रोजी महाडला का जाळले, याचे उत्तर फौजदारी कायद्याच्या विद्यार्थ्यास इतरांपेक्षा लवकर कळावे. १ जानेवारी १८६२ पासून भारतीय दंड संहिता अमलात आली आणि निदान कागदावर तरी दंडाचा दर जातीवरून ठरणे बंद झाले. याचे सारे श्रेय इंग्रजांच्या न्यायबुद्धीस देण्याची मात्र घाई नको. त्याच सरकारने १८७१ साली गुन्हेगार जमातींचा कायदा करून कित्येक जमातींना जन्मतःच गुन्हेगार ठरविले होते.

आणि कागदावरून तरी जात गेली काय? स्वतंत्र भारतातील अनेक राज्यांच्या तुरुंग नियमावलीत झाडलोट व संडाससफाई विशिष्ट जातींच्या कैद्यांनी करावी आणि स्वयंपाक 'योग्य' जातीच्या कैद्याने करावा, अशी व्यवस्था छापील स्वरूपात शिल्लक होती. सुकन्या शांता या महिला पत्रकाराने याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात दाद मागितली आणि ३ ऑक्टोबर २०२४ रोजी न्यायालयाने हे नियम घटनाबाह्य ठरविले, कैद्यांच्या नोंदवहीतील जातीचा रकाना काढून टाकण्यास सांगितले. घटना अमलात येऊन चौऱ्याहत्तर वर्षे लोटल्यावर! ज्या मुलाला हा निकाल ठाऊक आहे, त्याचे समानतेवरील उत्तर परीक्षकास थांबून वाचावे लागेल.

आता प्रथम खबरीकडे, म्हणजे लोकांच्या तोंडी असलेल्या एफ.आय.आर.कडे वळू. या प्रकरणावर आम्ही अधिक वेळ घेणार आहोत, कारण आमच्या माणसाचा न्याय बहुधा येथेच मरतो. खटल्यात हरण्याची पाळी फार पुढे येते. पुष्कळांचा खटला उभाच राहत नाही.

ज्या वृद्ध गृहस्थांनी त्या मुलीला हटकले, त्यांना आम्ही नंतर एकटे गाठले. वाद घालण्याचा हेतू होता, परंतु त्यांनी घरातून एक घडी पडून जीर्ण झालेला कागद आणून दाखविला. १९७९ साली त्यांच्या गावात विहिरीवर पाणी भरण्यावरून त्यांच्या वडिलांना मारहाण झाली होती. वडील जखमी अवस्थेत ठाण्यावर गेले. अंमलदाराने लिहून घेतले, अंगठा घेतला, कागद दिला. पुढे काहीच झाले नाही. वडील दोनदा विचारावयास गेले आणि तिसऱ्यांदा गेले नाहीत. त्या घरात तेव्हापासून ही म्हण नांदते आहे. आम्ही तो कागद त्या मुलीच्या हाती दिला. तिने तो वाचला आणि विचारले, "आजोबा, यावर एन.सी. लिहिले आहे. विहिरीचा तर उल्लेखच नाही. 'किरकोळ शिवीगाळ व झटापट' एवढेच आहे. हे त्यांना वाचून दाखविले होते काय?"

वाचून दाखविले नव्हते. एन.सी. म्हणजे अदखलपात्र गुन्ह्याची नोंद. अशा नोंदीवर न्यायदंडाधिकाऱ्याच्या आदेशाशिवाय पोलीस तपास करू शकत नाहीत. वस्तुतः अस्पृश्यतेच्या कारणावरून सार्वजनिक विहिरीचे पाणी नाकारणे हा १९५५ च्या कायद्याखालील गुन्हा होता. त्या कायद्याचे १९७६ साली नागरी हक्क संरक्षण कायदा असे नामांतर झाले आणि त्याखालील प्रत्येक गुन्हा दखलपात्र आहे. विहीर हा एक शब्द गाळला गेला आणि दखलपात्र गुन्हा अदखलपात्र झाला. कायदा होता, कोर्ट होते, जखमा होत्या. घरात तो कागद वाचणारे कोणी नव्हते. न्यायालयाने या कुटुंबाला कधीच हरविले नाही, कारण न्यायालयापर्यंत ते पोहोचलेच नाही. पंचेचाळीस वर्षांहून अधिक काळ ते कोर्टाच्या पायरीला दोष देत राहिले आणि ती पायरी तर त्यांच्या वडिलांनी पाहिलीसुद्धा नव्हती.

म्हणून विद्यार्थ्याने दखलपात्र व अदखलपात्र यांतील भेद दोन रकान्यांच्या तक्त्यात पाठ करून थांबू नये. त्याने पुढचे सारे पाठ करावे. १२ नोव्हेंबर २०१३ रोजी ललिता कुमारी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने सांगितले की, माहितीवरून दखलपात्र गुन्हा दिसत असेल तर फिर्याद नोंदविणे पोलिसांवर बंधनकारक आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचे कलम १७३ सांगते की, गुन्हा कोणत्याही ठाण्याच्या हद्दीत घडलेला असो, माहिती कोणत्याही ठाण्यात देता येते. यालाच झिरो एफ.आय.आर. म्हणतात. फिर्यादीची प्रत विनामूल्य मिळते. ठाण्याने नकार दिला तर तीच माहिती लेखी स्वरूपात टपालाने पोलीस अधीक्षकाकडे पाठविता येते आणि तेथेही दाद लागली नाही तर कलम १७५ खाली प्रतिज्ञापत्रासह न्यायदंडाधिकाऱ्याकडे जाता येते. अनुसूचित जाती-जमाती अत्याचार प्रतिबंधक कायद्याच्या कलम ४ प्रमाणे तर तोंडी फिर्याद लिहून घेतल्यावर सही घेण्यापूर्वी ती फिर्यादीस वाचून दाखविणे हे अधिकाऱ्याचे कर्तव्यच आहे आणि अनुसूचित जाती-जमातींबाहेरच्या लोकसेवकाने असे कर्तव्य जाणूनबुजून टाळले तर त्याला सहा महिने ते एक वर्ष कैद होऊ शकते. नवी संहिता तीन ते सात वर्षे शिक्षेच्या काही गुन्ह्यांत चौदा दिवसांच्या प्राथमिक चौकशीस मुभा देते. याचा आधार घेऊन कोणी आमच्या माणसाला 'आधी चौकशी करू' म्हणू लागला, तर अत्याचार प्रतिबंधक कायद्याचे कलम १८-अ त्याच्यापुढे ठेवावे. त्यात फिर्याद नोंदविण्यापूर्वी अशा चौकशीची गरज नाही असे स्पष्ट म्हटले आहे. पोलीस पाटलापासून पोलीस अधीक्षकापर्यंत कोणासही हे कलम उद्धटपणे ऐकवावे असे आमचे म्हणणे नाही. शांतपणे आणि लिहून द्यावे.

आता एका नाजूक प्रश्नाकडे यावे लागते. नवदीक्षित कुटुंबांकडून तो आम्हास वारंवार विचारला जातो. "आम्ही धम्मदीक्षा घेतली, जात टाकून दिली. मग फिर्यादीत जात का लिहावी? आणि बौद्ध झाल्यावर हा कायदा आम्हास लागू राहतो काय?" दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर निःसंदिग्ध आहे. राष्ट्रपतींच्या १९५० च्या अनुसूचित जाती आदेशात प्रथम फक्त हिंदू होते. १९५६ साली शीख आणि १९९० साली बौद्ध यांचा समावेश झाला. महाराष्ट्र सरकारने राज्यापुरत्या सवलती १९६० सालीच नवबौद्धांना दिल्या होत्या. मात्र केंद्राच्या दप्तरी चौतीस वर्षे बौद्ध माणूस अनुसूचित जातीचा गणला जात नव्हता. आज अनुसूचित जातीतून बौद्ध झालेला माणूस या कायद्याच्या संरक्षणाखाली आहे. आरोपीचा वकील 'फिर्यादी बौद्ध आहे, त्याला जात नाही' असा युक्तिवाद करू लागला तर न्यायालयापुढे जातीचा दाखला ठेवावा लागतो. म्हणून तो दाखला घरात तयार असावा आणि फिर्यादीत धर्म बौद्ध लिहून पूर्वाश्रमीची जातही नमूद असावी.

पहिला प्रश्न मनाला अधिक टोचतो. बावीस प्रतिज्ञा घेतलेल्या माणसाला ठाण्याच्या टेबलावर तो जुना शब्द उच्चारावा लागतो, तेव्हा त्याची जीभ जड होते, हे आम्ही जाणतो. पण विचार करा. फिर्यादीतली जात ही फिर्यादीची श्रद्धा नव्हे, आरोपीच्या डोक्यातला रोग आहे. डॉक्टरकडे गेल्यावर आपण विषाचे नाव सांगतो, म्हणून ते आपले अन्न होत नाही.

हा मुद्दा परीक्षेतल्या एका प्रश्नाशी थेट जोडलेला आहे. गुन्ह्याला दोन अंगे लागतात, कृती आणि दोषी मन. पुस्तकात यांची 'ॲक्टस रेअस' व 'मेन्स रिया' अशी लॅटिन नावे असतात आणि मुले ती मंत्रासारखी घोकतात. उदाहरण बहुधा चाकू मारणाऱ्याचे असते. आमच्या मुलांनी खैरलांजीचे उदाहरण द्यावे. २९ सप्टेंबर २००६ रोजी भंडारा जिल्ह्यातील या गावात भोतमांगे या बौद्ध कुटुंबातील चार जणांची, आई, मुलगी आणि दोन मुलगे यांची, जमावाने निर्घृण हत्या केली. २००८ साली भंडाऱ्याच्या न्यायालयाने आठ जणांना दोषी ठरवून सहा जणांना फाशी व दोघांना जन्मठेप दिली. २०१० साली उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने फाशी रद्द करून पंचवीस वर्षांच्या कारावासाची शिक्षा दिली. परंतु दोन्ही ठिकाणी अत्याचार प्रतिबंधक कायदा लागू झाला नाही. हे सूडाचे कृत्य ठरले, जातीचे नव्हे! त्या वेळच्या कलमाची शब्दरचना अशी होती की, पीडित व्यक्ती अनुसूचित जातीची आहे 'या कारणावरून' गुन्हा केला हे सिद्ध करावे लागे. माणसाच्या मनातले कारण सिद्ध करणे किती कठीण असते, हे कोणत्याही वकिलास विचारावे. २०१५ च्या दुरुस्तीने, जी २६ जानेवारी २०१६ पासून अमलात आली, त्या जागी 'ती व्यक्ती अनुसूचित जातीची आहे हे ठाऊक असताना' असे शब्द आले. आरोपीची पीडिताशी किंवा त्याच्या कुटुंबाशी वैयक्तिक ओळख असेल तर त्याला जात ठाऊक होती, असे न्यायालयाने गृहीत धरावे, अशीही तरतूद झाली. कारण आणि ज्ञान या दोन शब्दांत केवढे अंतर आहे! 'मेन्स रिया'चा धडा ज्याने खैरलांजीवरून समजून घेतला, तो परीक्षेनंतर तो विसरणार नाही.

या कायद्याचा दुरुपयोग होतो, अशी ओरड करणाऱ्यांचाही समाचार घ्यावा लागेल, कारण वर्गात आमच्या मुलांना सर्वांत आधी हेच ऐकविले जाते. २० मार्च २०१८ रोजी, महाडच्याच तारखेला, महाराष्ट्रातून गेलेल्या महाजन खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने अटकेपूर्वी परवानगी व फिर्यादीपूर्वी चौकशी अशा अटी घातल्या. २ एप्रिलला भारत बंद झाला आणि त्यात माणसे मृत्युमुखी पडली. त्याच वर्षी संसदेने कलम १८-अ घालून त्या अटी निष्प्रभ केल्या. १ ऑक्टोबर २०१९ रोजी न्यायालयाने स्वतःच आपले ते निर्देश मागे घेतले आणि १० फेब्रुवारी २०२० रोजी दुरुस्ती वैध ठरविली. दुरुपयोग कोणत्या कायद्याचा होत नाही? खोटे दस्त करून जमिनी लाटल्या जातात म्हणून कोणी नोंदणी कायदा रद्द करा म्हणत नाही. आरोपी निर्दोष सुटला म्हणजे फिर्याद खोटी होती, असा हिशोब मांडणारे फितूर झालेल्या साक्षीदारांची मोजणी करीत नाहीत. ज्या साक्षीदाराची मजुरी, किराणा आणि शेताची वाट आरोपीच्या हाती आहे, तो पिंजऱ्यात किती वेळ टिकेल?

तथापि आमच्या मुलांना आम्ही एकच बाजू शिकविणार नाही. चौथे शील घेतलेल्या माणसाने फिर्यादीत एक शब्दही वाढवून लिहू नये. खरी मारहाण झाली असता वकिलाच्या सल्ल्याने न घडलेली शिवी घालणारे लोक आमच्यातही आहेत आणि एका खोट्या वाक्यापायी शंभर खरी वाक्ये न्यायालयात पडतात. निर्दोषत्वाचे गृहीतक, गुन्हा वाजवी संशयापलीकडे सिद्ध करण्याची सरकार पक्षावरील जबाबदारी, ही तत्त्वे आमच्या शत्रूंच्या सोयीसाठी निघाली आहेत असे समजण्याचे कारण नाही. ती आमच्याच पोरांना अधिक लागतात. २०२२ च्या अखेरीस देशातील तुरुंगांत ५,७३,२२० माणसे होती आणि त्यांपैकी ४,३४,३०२ माणसांचा खटला संपलेलाच नव्हता. दर चार कैद्यांत तिघे! जामिनाची रक्कम नाही, वकील नाही, कोणी भेटावयास येत नाही, अशी ही माणसे कोणत्या वस्त्यांतून येतात हे सांगण्याची गरज आहे काय? १९७९ साली हुसेनआरा खातून खटल्यात बिहारच्या तुरुंगांत शिक्षेच्या मुदतीपेक्षाही जास्त काळ खटल्याविना खितपत पडलेले लोक उजेडात आले, तेव्हा शीघ्र न्याय हा अनुच्छेद २१ चा भाग ठरला.

तेव्हा अटकेच्या धड्यातील प्रत्येक वाक्य घरातल्या तरुण मुलास पाठ हवे. अटकेचे कारण सांगितले पाहिजे, वकिलाची भेट मिळाली पाहिजे, प्रवासाचा वेळ वगळून चोवीस तासांत न्यायदंडाधिकाऱ्यापुढे उभे केले पाहिजे, हे अनुच्छेद २२ म्हणतो. स्वतःविरुद्ध साक्ष देण्याची सक्ती नाही, हे अनुच्छेद २० म्हणतो. अटकेचा पंचनामा साक्षीदाराच्या सहीने करणे, नातेवाइकास कळविणे, वैद्यकीय तपासणी करणे, हे डी. के. बसू खटल्यात १९९६ साली ठरले. साठ किंवा नव्वद दिवसांत, गुन्ह्याच्या स्वरूपानुसार, दोषारोपपत्र आले नाही तर जामीन हा हक्क होतो. हा शेवटचा नियम ठाऊक नसल्यामुळे एखादा मुलगा किती दिवस अधिक आत राहतो, याचा हिशोब त्याची आई ठेवते.

आणि तडजोड! प्रत्येक अत्याचारानंतर दुसऱ्या दिवशी वस्तीत चार पांढरे सदरे येतात आणि म्हणतात, गावाची अब्रू आहे, मिटवून टाका. २००७ साली सुरू झालेल्या तंटामुक्त गाव मोहिमेत तर तंटे मिटविणाऱ्या गावांना रोख बक्षिसे होती. बांधाच्या तंट्यात समेट झाला तर आमची ना नाही. पण अत्याचार प्रतिबंधक कायद्याखालील गुन्हा हा दोन पक्षांनी आपसात मिटविण्याजोगा गुन्हा नव्हे, तो राज्याविरुद्धचा गुन्हा आहे. फौजदारी खटल्यात फिर्यादीच्या नावापुढे 'महाराष्ट्र शासन' का लिहितात, हा एका गुणाचा प्रश्न आमच्या मुलांनी सदरे घालून आलेल्या त्या चौघांना विचारावा.

अभ्यासाविषयी दोन सूचना करून हा लेख संपवितो. बाजारातील पुष्कळ गाईडे जुनी आहेत. खुनाचे कलम ३०२ व फसवणुकीचे ४२० ही तर आता मराठी भाषेतील शब्दच झाले आहेत, पण भारतीय न्याय संहितेत खुनाची शिक्षा कलम १०३ मध्ये आणि फसवणूक कलम ३१८ मध्ये गेली आहे. १ जुलै २०२४ पूर्वी घडलेल्या गुन्ह्यांना मात्र जुनीच दंड संहिता लागू असल्याने दोन्ही क्रमांक ठाऊक हवेत. न्यायालयांची उतरंड, न्यायदंडाधिकारी, सत्र, उच्च व सर्वोच्च, ही एका दिवसात पाठ होते. तिच्यावर आठवडा घालवू नये. त्यापेक्षा एक दिवस जिल्हा न्यायालयात जाऊन मागच्या बाकावर बसावे. न्यायालये सामान्यतः सर्वांना खुली असतात, बसण्यास कोणाची परवानगी लागत नाही.

ज्या शाळेत हा विषयच नाही, तेथील मुलांसाठी विहारांनी वंदनेनंतर एक तास ठेवावा. पुस्तके चार पुरेत: भारताचे संविधान, नवी नागरिक सुरक्षा संहिता, अत्याचार प्रतिबंधक कायदा व त्याचे १९९५ चे नियम. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचा वकील बोलावल्यास येतो. १९८७ च्या कायद्याप्रमाणे अनुसूचित जातीच्या माणसास आणि जातीची व उत्पन्नाची अट न लावता प्रत्येक स्त्रीस व बालकास मोफत वकील मिळण्याचा हक्क आहे आणि १५१०० या क्रमांकावर दूरध्वनी करून ती मदत मागता येते. तो क्रमांक विहाराच्या भिंतीवर रंगवून ठेवावा. पहिल्या तासाला प्रत्येक घराने आपल्याकडील जुने कागद आणावेत, समन्स, एन.सी., पंचनामे, जे असतील ते, आणि मुलांनी ते मोठ्याने वाचून दाखवावेत. ते वयोवृद्ध गृहस्थ आपला कागद घेऊन येणार आहेत, असे त्यांनी आम्हास सांगितले आहे. मुलीची परीक्षा पुढच्या महिन्यात आहे.